हत्तीमिरची

रायभान लढाईवरून परत आला तेव्हा धावडा गावच्या लोकांना वाटलं होतं, हा काहीतरी जपानी चीज घेऊन येईल. घड्याळ, नाहीतर दुर्बीण. औरंगाबादेत भरती होऊन तो खच्चरांच्या पलटणीत गेला होता आणि आसामच्या पलीकडच्या डोंगरांत खच्चरांच्या पाठीवरून फौजेचा दाणागोटा वाहत होता. बापजाद्यांनी मेंढरं राखलेली, त्यामुळं जनावर कधी अडणार आणि कधी लाथ मारणार हे त्याला आधीच कळायचं. त्यावरच त्याची नोकरी निभावली. पारावर बसून त्यानं झोळी उघडली तेव्हा तिच्यातून एक घोंगडी, एक पत्र्याचा मग आणि चिंधीत बांधलेल्या मूठभर वाळक्या मिरच्या निघाल्या. बुटक्या, लाल, अंगभर सुरकुत्या पडलेल्या.

"एवढ्या लांबून मिरच्या आणल्या?" धर्मराज म्हणाला. "आपल्याकडं काय मिरच्याचा दुकाळ पडलाय?"

"ही नुसती मिरची न्हाई दादा," रायभान म्हणाला. "तिकडचे नागा लोक ही तेलात वाटून दोरखंडाला चोपडतात अन शेताभवती बांधतात. हत्ती येतो, सोंडेनं हुंगतो अन माघारी पळतो."

"तू पाह्यला पळताना?"

"हत्ती न्हाई पाह्यला. दोरखंड पाह्यला."

सगळा पार हसला. रायभाननं मग खायची रीतही सांगितली. मिरचीला दोरा बांधायचा, उकळत्या कालवणात बुचकळायची आणि लगेच काढून घ्यायची. एक मिरची अख्ख्या पलटणीला कितीतरी दिवस पुरायची. लोकांनी ही गोष्ट त्याच्या बाकीच्या गोष्टींत जमा केली. तिकडं ढग डोंगराच्या खाली असतात आणि माणूस वरून त्यांच्यावर थुंकू शकतो, असंही तो सांगायचा. तेही कोणी खरं मानलेलं नव्हतं. पण मिरचीला नाव मात्र पडलं, हत्तीमिरची.

रायभानच्या बायकोनं, आसराबाईनं, तिचं बी न्हाणीच्या पाण्यावर लावलं. बी उगवायलाच इतका वेळ लागला की तिनं दोनदा माती उकरून पाहिली. पण एकदा जीव धरल्यावर झाडं कमरेइतकी वाढली आणि दिवाळीनंतर लालभडक झाली. आसराबाईची एक शेळी होती, दावं तोडण्यात मोठी हुशार. तिनं एका सकाळी एक पिकली मिरची चघळली. क्षणभर ती काही आठवत असल्यासारखी उभी राहिली. मग मागच्या दोन पायांवर उभी राहिली. मग सुटली ती कुंभारवाड्यापासून मारुतीच्या देवळापर्यंत गावाला वेढा घालून, आणि शेवटी हौदात तोंड बुडवून जी बसली, ती चौघांनी ओढली तेव्हा उठली.

त्याच झाडांवर राघूंचे थवे मात्र रोज येऊन बसायचे आणि चोच लाल करून मजेत उडून जायचे. त्यामुळं गावात दोन तट पडले. काहीजण शेळीचं खरं मानत होते, काहीजण राघूंचं. धर्मराज राघूंच्या बाजूनं होता.

धर्मराजबद्दल सांगायचं तर तो चांगला जमीनजुमल्याचा, सरळ मनाचा माणूस. कुणाच्या बांधावर कधी नांगर घातला नाही की कुणाला वाकडा शब्द बोलला नाही. अभिमान त्याला एकाच गोष्टीचा होता, आपल्या जिभेचा. पंगतीत बसला की तो मूठभर हिरव्या मिरच्या मागायचा आणि लोक काकडी खातात तशा देठापर्यंत खायचा. पोरंटोरं समोर उभी राहून बघायची. बाहेर हे ठीक होतं. घरी मात्र तो पहिला घास घेऊन रोज मान वर करायचा आणि बायकोला म्हणायचा, "फिकं हाय."

सगुणाबाई दरवर्षी तिखट वाढवत गेली. शेवटी घरातली बाकीची माणसं निभावण्यापुरतं खायला लागली. पोरगी, उषा, भाकरीचा तुकडा कालवणाला लावला की आधी ताकात बुडवून घ्यायची आणि मग तोंडात टाकायची. तरी दोन्ही वेळचं "फिकं हाय" चुकलं नव्हतं.

"राघू खातो ती मिरची," धर्मराज आसराबाईच्या अंगणात येऊन म्हणाला. "मी काय राघूपेक्षा कच्चा हाय? दे बरं एक."

"न्हाई दादा," आसराबाई म्हणाली. "शेळीचं पाप अजून माझ्या डोक्यावर हाय. तुमचं कशाला घेऊ?"

तो हिरमुसून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी सगुणाबाई आली. पाणी पिऊन झालं, इकडचं तिकडचं झालं, तरी ती उठेना. मग पदराशी खेळत म्हणाली, "बाई, ती तुमची मिरची. दोऱ्याला बांधून बुचकळायची म्हणतात, ते खरं का?"

आसराबाईनं तिच्याकडं पाहिलं. दोघींचं काय बोलणं झालं ते आसराबाईनं नवऱ्यालाही सांगितलं नाही. पण सगुणाबाई घरी गेली तेव्हा तिच्या ओच्यात दोरा बांधलेली एक मिरची होती.

त्या रात्री धर्मराजनं पहिला घास घेतला, सवयीनं मान वर केली, आणि काहीच न बोलता खाली घातली. थोड्या वेळानं ताक मागितलं. घरात इतकी शांतता झाली की उषाला वाटलं बापाला ताप आला. सगुणाबाईनं दोरा चुलीमागच्या खुंटीला अडकवून ठेवला आणि त्या दिवसापासून तिचं जेवणाच्या वेळचं आयुष्य सुधारलं. बाकीच्यांचं कालवण ती आधीच वेगळं काढायची. धर्मराजच्या वाट्याला फक्त बुचकळी.

माघ महिन्यात उषाच्या सोयरिकीचं बोलायला जाफराबादचे रामराव आणि त्यांची बायको गोपिकाबाई आली. त्यांचा मुलगा भुजंग आणि उषा एकमेकांना पसंत होती, सगळं जुळलेलं होतं. अडलं होतं एवढंच की लग्न कुणाच्या दारात लावायचं. आधीच्या बैठकीत दोन्ही बाप याच गोष्टीवरून उठून गेले होते. रामरावांचं म्हणणं, आमच्या घराण्यात लग्न नवऱ्याच्या दारातच लागतं. धर्मराजचं म्हणणं, माझी एकुलती एक पोरगी, मांडव माझ्याच दारात पडणार. यात तिसरं म्हणणं कुणालाही सुचत नव्हतं.

पाहुण्यांसाठी पुरणपोळी आणि भाजक्या धान्य-मसाल्याच्या येसराची आमटी होती. आज पाहुण्यांसमोर नवरा "फिकं हाय" म्हणू नये म्हणून सगुणाबाईनं आसराबाईकडून ताजी, पिकली मिरची आणली होती. बाकीची आमटी वेगळी काढायला वेळ नव्हता, म्हणून ती मोठ्या पातेल्यातच एक अलगद बुचकळी देणार होती. तिनं मिरची आमटीत सोडली, आणि तेवढ्यात ओसरीवरून धर्मराजचा आवाज आला.

"ते बिलकुल जमायचं न्हाई. मंग राहू द्या सोयरीक."

दोऱ्याचं टोक पातेल्याच्या काठाला तसंच ठेवून सगुणाबाई दाराआड जाऊन उभी राहिली. रामराव म्हणत होते, राहू द्या तर राहू द्या, आमच्या पोराला काय मुली मिळत न्हाईत? कुणीतरी मध्ये पडावं म्हणून ती देवाचा धावा करत होती. शेवटी रामरावच म्हणाले, जेवून घेऊ, उपाशीपोटी भांडण चांगलं न्हाई. तेव्हा ती चुलीकडं आली, दोरा ओढला, तर नुसता दोराच हातात आला.

तिनं पळीनं पातेलं ढवळलं. मिरची विरघळून गेली होती. कुठं लाल साल, कुठं बी, बाकी सगळं आमटीत. तिनं करंगळीचं टोक बुडवून जिभेला लावलं आणि भिंतीला धरून खाली बसली. गोपिकाबाई आतच पाटावर बसली होती. "काय झालं बाई?" तिनं विचारलं. सगुणाबाई तशीच उठून ओसरीच्या दारात गेली आणि नवऱ्याला हळूच म्हणाली, "आवं, आमटी वाढत न्हाई. पोळी-दूध वाढते."

"का? आमटीला काय झालं?"

"तिखट झालीय."

हा शब्द तिनं उच्चारायला नको होता. धर्मराज ताठ झाला. "तिखट? आमच्या घरात?"

"वाढा वहिनी," रामराव म्हणाले. "जाफराबादची माणसं काय दूध-भात खातात?"

"मी सांगून राह्यले, लई तिखट झालीय."

"वाढ म्हणतो न्," धर्मराज म्हणाला.

तिनं वाढली. अर्धी अर्धी वाटी. धर्मराजनं "आणखी" म्हटलं, म्हणून रामरावांनीही "आणखी" म्हटलं.

पहिल्या घासाला काहीच झालं नाही. ही मिरची आधी गप्प बसते, मग बोलते. रामराव म्हणाले, "चव चांगली हाय," आणि वाटी तोंडाला लावून मोठा भुरका मारला. धर्मराजनं त्यांच्यापेक्षा मोठा मारला. मग दोघंही थांबले. रामरावांचे कान आधी लाल झाले, मग जांभळे. धर्मराजच्या टाळूवरून घाम फुटला आणि मिशीत उतरला. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. आता जो पहिल्यांदा हाय म्हणेल, त्याच्या दाराला मांडव नाही, असंच जणू ठरलं होतं. रामरावांनी भुरका मारला. धर्मराजनं मारला. रामरावांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. धर्मराजला उचकी सुरू झाली. त्यानं पाण्याचा तांब्या उचलून घटाघटा रिकामा केला आणि मग त्याच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते पाहून सगुणाबाई उषाला म्हणाली, "पळ, रायभानला बोलाव. जल्दी."

आत गोपिकाबाई कान देऊन बसली होती. "आमचे हे गप कसे झाले?" ती म्हणाली. "घरी तर जेवतानी बी भांडतात."

सगुणाबाईनं तिला दोरा दाखवला आणि रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं. रोजचं "फिकं हाय" सांगितलं, बुचकळी सांगितली. तिला वाटलं होतं, ही बाई आता उठून गाडी जुंपायला सांगेल. गोपिकाबाईनं दोरा हातात घेतला, निरखून पाहिला, आणि पदर तोंडात कोंबून हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला.

"आमच्या ह्यांचं बी तेच हो," ती म्हणाली. "तिखटाचं न्हाई, मिठाचं. माझी हयात गेली मीठ घालण्यात."

मग जरा सरकून बसली आणि आवाज खाली आणला. "बाई, आपण उरकून घेऊ का? हे दोघं गप हायेत तवर."

"पर तुमच्या घराण्याची रीत?"

"रीत कसली. माझ्या दारात लग्न म्हंजी माझीच कंबर मोडायची. सगळा गाव जेवायला, अन मी चुलीपाशी. तुमच्या दारातच लावा. वरात आली की आमच्याकडं एक जेवण घालू, झालं. पर हे ह्यांना सांगणार कोण? आज सांगते."

तेवढ्यात उषा परत आली आणि दारात घुटमळली. गोपिकाबाईनं तिला जवळ घेतलं. "तुला काय इचारायचं असलं तर इचार पोरी. आत्ता कुणी ऐकत न्हाई."

उषानं मान खाली घातली. मग म्हणाली, "ते तिखट खातात का?"

"कोण, भुजंग? त्याला मिऱ्याचा दाणा सोसत न्हाई. गूळ-पोळी खाणारं पोरगं हाय."

उषानं तोंड फिरवून घेतलं, पण तिचे खांदे हसत होते ते दोघींनाही दिसले.

ओसरीवर रायभान दह्याचं गाडगं घेऊन हजर झाला होता. मागून आसराबाई शेळी ओढत आली आणि तिथंच धार काढायला बसली. "पाणी पिऊ नका," रायभान म्हणाला. "पाण्यानं ती पसरती. दही घ्या, तूप घ्या, धारोष्ण दूध घ्या. अन आता ऐका, आमच्या पलटणीत असंच झालं होतं." एवढं म्हणून तो पाहुण्यांसमोर मांडी घालून बसला. खच्चरवाल्यांच्या जमादारानं एकदा ही मिरची बिस्किटाला लावून खाल्ली होती, ती कथा त्यानं अगदी मुळापासून सुरू केली. वाटेत डोंगर आले, पाऊस आला, डोंगराखालचे ढग आले, एक पळालेलं खच्चर आलं. एरवी पारावर त्याला कुणी दोन वाक्यं सलग बोलू देत नव्हतं. आज ऐकणाऱ्या दोघांची तोंडं दह्यानं भरलेली होती. रायभानला इतकं समाधानी त्याच्या बायकोनं लग्नातही पाहिलं नव्हतं.

जमादार नदीत उडी मारणार एवढ्यात गोपिकाबाई दारात आली. डोक्यावरचा पदर सारखा करून तिनं नवऱ्याला विचारलं, "मंग लग्न धावड्यालाच धरायचं न्? वैशाखात?"

रामरावांनी तिच्याकडं पाहिलं. बोलायला तोंड उघडलं, तर वारा लागून जीभ पेटली. त्यांनी तोंड मिटलं आणि मान हलवली.

"अन वरातीचं जेवण आमच्या दारात. चालंल न् तुम्हाला?" हा प्रश्न धर्मराजला होता. त्यानंही मान हलवली. त्या घटकेला त्याला विहिरीत उडी मारता का म्हणून विचारलं असतं तरी त्यानं मान हलवली असती, आणि विहीर जवळ असती तर वाट पाहिली नसती.

"झालं तर," गोपिकाबाई म्हणाली. "रायभानभाऊ, तुम्ही साक्षीला हाय." आणि तिनं उषाच्या कपाळाला कुंकू लावलं.

रात्री मुक्काम झाला. सकाळी रामराव तांब्या घेऊन नदीकडं लगबगीनं निघाले, तर धर्मराज त्यांच्या आधीच जाऊन बसलेला. बऱ्याच वेळानं दोघं हातपाय धुऊन काठावरच्या एका खडकावर टेकले. दोघांचेही चेहरे आजारातून उठल्यासारखे झाले होते. माघातली थंडी होती, तरी दोघांना गार खडक बरा वाटत होता.

"मी खरंच मान हलवली का?" रामरावांनी विचारलं. आवाज घोगरा होता.

"हलवली. मी बी हलवली."

"लग्न धावड्याला मंग."

"तुम्हाला नको असलं तर सांगा," धर्मराज म्हणाला. "असं आमटीनं ठरवलेलं मला बी बराबर वाटत न्हाई. मोकळ्या तोंडानं सांगा."

"न्हाई," रामराव म्हणाले. "पोरगी चांगली हाय. एवढ्या एका गोष्टीपायी सोयरीक मोडली असती तर मला घरात कुणी भाकरी वाढली नसती." मग म्हणाले, "एक इचारू? तुम्हाला काल आमटी लागली का?"

धर्मराजनं आजूबाजूला पाहिलं. काठावर एका बगळ्याशिवाय कुणी नव्हतं. "लागली," तो म्हणाला. "लई लागली. महिनाभरापासून लागून राह्यली."

रामरावांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. दोघं परत आले ते सोयरे म्हणूनच आले.

जाताना रामरावांनी रायभानला गाडीत घालून नेलं. जाफराबादेत त्यांच्या ज्वारीत रानडुकरांनी धुमाकूळ घातला होता, आणि हत्ती पळतो तर डुक्कर का नाही पळणार, असा त्यांचा विचार होता. रायभाननं वाळल्या मिरच्या करडईच्या तेलात वाटल्या. त्या वाटणानं अर्धी आळी शिंकत शिंकत घराबाहेर आली. वाटायला हात लावणाऱ्या भुजंगनं विसरून तोच हात डोळ्याला लावला आणि त्याला दिवसभर अंधाऱ्या खोलीत दुधाच्या पट्ट्या ठेवून पडावं लागलं. पण चोपडलेला दोरखंड बांधल्यावर डुकरं बांधापर्यंत आली, नाक लावलं आणि शेजारच्या बद्रीनाथच्या हरभऱ्यात गेली. बद्रीनाथ काठी घेऊन भांडायला आला आणि जाताना दोरखंडाचं मागणं घालून गेला.

वैशाखात धर्मराजच्या दारात मांडव पडला. अडचण आली ती पंगतीत. आमटीची गोष्ट जाफराबादला गावभर झालेली होती, त्यामुळं अख्ख्या वऱ्हाडानं पोळीवर तूप घेतलं आणि आमटीच्या वाट्या पत्रावळीपासून हातभर लांब सरकवल्या. सगुणाबाई सांगून थकली की आज त्यात काही नाही, पण कुणी हात लावेना. शेवटी रामराव उठले, पंगतीच्या मधोमध उभे राहिले आणि एक वाटी उचलून प्याले. सगळं वऱ्हाड त्यांच्या कानांकडं बघत होतं. रामराव मुद्दाम बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मीठ थोडं कमी हाय." आतून गोपिकाबाईचं हसणं ऐकू आलं, आणि पंगत जेवायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी उषाची गाडी निघाली. रायभाननं बैलांच्या शिंगांना गोंडे बांधले, आसराबाईनं ओटी भरली, सगळं गाव वेशीपर्यंत गेलं आणि परत आलं. मांडव रिकामा झाला. धर्मराज ओसरीवर खांबाला टेकून बसला होता. संध्याकाळी सगुणाबाईनं ताट आणून त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं हात धुतले, पण घास घेतला नाही.

"पोचली असंल का आता?" त्यानं विचारलं.

"आत्ताशी अर्ध्या वाटंवर असंल. बैलं काय उडतात?"

सगुणाबाई आत जायला वळली तेव्हा तो म्हणाला, "तू जेवली का?"

"न्हाई अजून. मागून जेवते."

"मागून कशाला? घरात आता हायच कोण? बस इथंच."

ती उंबऱ्यातूनच परत फिरली. मग पदर खोचून ताटाच्या पलीकडं बसली. धर्मराजनं भाकरी मोडली आणि अर्धी तिच्याकडं सरकवली.